वालाचं पार्सल आणि वरची मूठ

आमच्या घराच्या ओटीवर गावाचं पोस्ट होतं. सासऱ्यांनी ओटीच्या एका टोकाला कुडाची भिंत घालून खोली काढली होती. खोलीत एक टेबल, एक लोखंडी पेटी, शिक्के, तराजू आणि बाहेर खिडकीवर पोस्टाची पाटी. सासरे वारले तेव्हा त्या खोलीत बसायला कोणीतरी शोधायची वेळ आली, आणि दहावी पास झालेली घरात मी एकटीच निघाले. हे मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जायचे आणि दिरांना शेतीशिवाय दुसरं काही नको होतं. मग खात्याने मला नेमलं आणि 'धाकटी सून' होते ती मी 'पोस्टमास्तरीण' झाले.

हा बदल केवढा होता ते आधी सांगायला हवं. आमच्या घरात सुनेला कामानेच हाक मारायचे. "अगो, पाणी आण", "अगो, गुरा सोड." पोस्टात बसल्यापासून बाहेरगावचा माणूस दारात आला की विचारायचा, "पोस्टमास्तर हायेत का?" आणि सासूबाईंना आतून ओरडून सांगावं लागायचं, "हाय, बसलीय." ते 'बसलीय' माझ्या कानाला फार गोड लागायचं. पगार बेताचाच होता, काम दिवसातले काही तास. पण त्या कुडाच्या भिंतीआड मी म्हणेन ते चालायचं, आणि त्या घरात मला अशी दुसरी जागा नव्हती.

गाव शहापूर तालुक्यातलं, पण मुरबाडच्या अंगाला. आटगावचं स्टेशन आम्हाला लांब आणि मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे आमचं सगळं जग एसटीवर. सकाळच्या गाडीने शहापूरहून टपालाची थैली यायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. ती स्टँडवरून आणायला, पोचवायला आणि पाड्यापाड्यांवर पत्रं वाटायला पोस्टमनमामा होते. ते वरच्या पाड्यावरचेच. कोणाची लेक कुठे दिली, कोणाचा मुलगा कुठल्या शेठकडे कामाला, सगळं त्यांना तोंडपाठ असायचं.

नव्वदच्या दशकात स्टँडवर एसटीडीचं पिवळं खोकं आलं आणि माझ्या खोलीला उतरती कळा लागली. आधी मुंबईची पत्रं कमी झाली. मग शुभेच्छा, मग मयताच्या तारा. लोक फोन करायचे आणि वर मलाच येऊन सांगायचे, "पोराशी बोललो, आवाज कसा, शेजारी बसल्यासारा!" मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या खोक्याचा मला इतका राग यायचा की स्टँडवर मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायचे. मामा थैली टेबलावर उलटी करायचे आणि म्हणायचे, "बाय, आज नुसता वारा आलाय."

अशात एके दिवशी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता. किडकिडीत, छत्री बाराही महिने काखेत, चहा बशीत ओतून पिणारा. त्यांनी सगळं दप्तर पाहिलं, शिक्का पाहिला, तराजूवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "बाई, काम तुमचं स्वच्छ आहे. पण ऑफिस तोट्यात आहे. पुढच्या तपासणीपर्यंत सुधारलं नाही तर हे बंद करून शेजारच्या गावाला जोडावं लागेल."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "साहेब, लोक पत्रं लिहीत नायत त्याला मी काय करू? दांडका घेऊन बसू का दारात?"

ते हसले. "पत्रच कशाला हवं? पार्सल आणा, खाती आणा, रजिस्टर आणा. पोस्ट म्हणजे नुसतं पत्र नव्हे, बाई."

ते गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. कुडाच्या भिंतीवर हात थापटून म्हणाल्या, "बरा झाला. ही पाडली का भाताची पोती ठेवाया जागा होईल." त्या मुद्दाम खिजवत होत्या असंही नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण पाटी उतरली की मी पुन्हा 'अगो' होणार होते, आणि एकदा 'बसलीय' ऐकलेल्या बाईला ते सोसणार नव्हतं.

मग मी कामाला लागले आणि पहिल्यांदा सपशेल तोंडावर आपटले. खाती उघडा, विमा काढा म्हणत मी घरोघरी फिरले. दोन दिवसांत अशी वेळ आली की मला पाहून लोक मागच्या दाराने पसार होऊ लागले. लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईलासुद्धा माझ्यापेक्षा जास्त मान होता. शाळेतल्या मास्तरांनी भिडेखातर थोडी तिकिटं घेतली आणि पुढे रस्ता बदलून जायला लागले.

वाट सापडली ती स्टँडवर. फाल्गुनाचे दिवस होते. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर आमच्याकडे वाल करतात. बारीक, किंचित कडू, पण बिरडं असं होतं की खाणारा बोटं चाटतो. वाल निघाले की कल्याण-मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात एकेक गाठोडं पडायचं. हे लेकीला दे, ते भावाला दे. जाणारा कुरकुरत न्यायचा. त्या दिवशी वरच्या पाड्यावरची काकी एका गाठोड्यासाठी गाडीत चढणाऱ्या एकेकाला गळ घालत होती. काकी म्हणजे वाळकी, मिश्रीने काळे दात, आवाज मात्र या डोंगरावरून त्या डोंगरावर जाईल असा. पाड्यावरच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसायच्या. तिची भाची दादरला एका घरी कामाला होती आणि त्या घरच्या मालकिणीला आमचे वाल हवे होते. कोणी नेईना. गाडी गेली आणि काकी गाठोडं पोटाशी धरून तशीच उभी राहिली.

मी म्हटलं, "काकी, द्या इकडं. मी पाठवते."

"तू चाललीस दादरला?"

"मी नाय. पोस्ट."

काकीला ते काही झेपलं नाही. कागद जातो हे तिला मान्य होतं, पण वाल पोस्टाने कसे जातील? मी तिला ओटीवर आणली. मांजरपाटाची पिशवी शिवली, वाल भरले, दाभणाने तोंड टाचलं, लाखेचे ठसे मारले, मामांकडून पत्ता घेऊन वर घातला. आणि ते पार्सल मी व्हीपीने लावलं. म्हणजे घेणाऱ्याने दारात पोस्टमनला पैसे द्यायचे आणि ते मनीऑर्डरने काकीला यायचे. तोपर्यंत व्हीपी शहराकडून गावाकडे यायच्या, पुस्तकांच्या नाहीतर कसल्यातरी ताकदीच्या औषधाच्या. मी ती उलटी फिरवली. यात माझी काही फार हुशारी होती असं नाही. बुडणाऱ्याच्या हाताला जे लागतं ते तो धरतो, तसं मी धरलं.

मनीऑर्डर तर आलीच, पण बरोबर एक कार्डही आलं. मालकीणबाईंनी लिहिलं होतं की वाल उत्तम आहेत, शेजारच्या घरांनाही हवे आहेत, पाठवू शकाल का. माझ्या खोलीत कितीतरी दिवसांनी माझ्या नावावर पत्र आलं होतं. मी ते मामांना वाचून दाखवलं, सासूबाईंना दाखवलं, आणि हे पाळीवरून आल्यावर त्यांनाही जेवायच्या आधी दाखवलं. हे म्हणाले, "जेवायला वाढ, मग पुन्ना वाच."

मी कार्डांचा सपाटा लावला. गावातली, पाड्यावरची जी जी माणसं मुंबई-ठाण्यात घरकामाला, दुकानात, पिठाच्या गिरणीत होती, त्यांच्या मालकांच्या घरी मी कार्ड टाकलं. 'आमच्या गावचे कडवे वाल तयार आहेत. कार्ड टाका, पार्सल येईल. पैसे दारात.' पत्ते मामांनी सांगायचे आणि मी लिहायचे. उत्तरं यायला लागली. थैलीतून वारा जाऊन कार्डं पडायला लागली. काकीने पाड्यावरच्या बायका गोळा केल्या. दुपारच्या गाडीच्या आधी त्या वाल घेऊन माझ्या ओटीवर यायच्या. मी पिशवी तोलायची, तिकिटं लावायची आणि त्या ओटीवर बसून तोंडं शिवायच्या. एकदा तर एवढी पार्सलं झाली की ती स्टँडवर न्यायला मामांनी शेजाऱ्याची बैलगाडी काढली. स्टँडवर त्या पिवळ्या खोक्यासमोर मी ती गाडी उभी करायला लावली. काम काहीच नव्हतं तिथे, मला फक्त उभी करायची होती.

दोन दिवसांनी सगळी पार्सलं परत आली.

सोबत शहापूरच्या ऑफिसचा शेरा, की वजन जास्त, तिकिटं कमी. एखाद-दुसरं पार्सल तिथे कोणी पुन्हा तोलत नसावं, बैलगाडीभर गेली तेव्हा तोलली. पोस्टात पार्सलाचं भाडं अर्ध्या किलोच्या पायरीने लागतं. पायरीच्या वर थोडं जरी गेलं तरी पुढची अख्खी पायरी भरावी लागते. माझ्या दोन-दोन किलोच्या पिशव्या सगळ्याच्या सगळ्या दोन किलोच्या वर भरल्या होत्या. मी स्वतः तोललेल्या! मी एक पार्सल बगलेत मारलं, पुढच्या गाडीने शहापूर गाठलं आणि तिथल्या काउंटरवर आवाज चढवला, की तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी पार्सल काट्यावर ठेवलं. मग दुसऱ्या काट्यावर ठेवलं. मग मी मान खाली घालून परत आले. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "काय गो, कोन आजारी हाय काय?"

दुसऱ्या दिवशी मी एक डाव टाकला. पिशव्या नेहमीसारख्या तोलून दिल्या आणि खिडकीच्या फटीतून ओटीवर नजर ठेवून बसले. काकीने पिशवी मांडीवर घेतली, दाभण काढलं, कमरेच्या पदराची गाठ सोडली, त्यातून मूठभर वाल काढून पिशवीत टाकले आणि मग तोंड शिवलं. शेजारचीनेही तेच केलं. तिच्या शेजारचीनेही तेच. चोरून नाही, कोणाला विचारून नाही. जेवणाच्या आधी हात धुवावेत इतक्या सहज.

मी बाहेर आले ती फणफणतच. "काकी, काय चाललंय हे?"

"वरची मूठ गो."

"मी तोलल्यावर?"

"मंग कवा? मापाच्या आधी टाकली तं ती मापातली झाली. वरची कशी?"

आमच्याकडे धान्य पायली-शेराने मोजायचे दिवस तेव्हा पूर्ण सरले नव्हते. माप भरलं की वर शीग राहते, ती हाताने घासून सपाट करायची नाही, आणि देऊन झालं की शिवाय एक मूठ टाकायची. मीही जन्मभर हेच पाहत आले होते. माझ्या माहेरीही असंच होतं. पण काटा आला, किलो आले, की ते संपलं असं मी धरून चालले होते. काकीच्या लेखी संपलं नव्हतं. मी तिला परोपरीने समजावलं. एका मुठीपायी पुढची पायरी लागते, पार्सल परत येतं, माझी नोकरी जाईल. नाही टाकली मूठ तर काय बिघडेल?

काकी उठूनच उभी राहिली. "घासून देऊ म्हनतेस? माप घासून कोनाला देत्यात? जिचं तोंड परत बगायचं नाय तिला. त्या बायनं मला परत वाल मागिवलं, आन मी तिला घासून देऊ? ही वाल माजी हायेत. तुजा काटा तुज्यापाशी ठेव."

तिने पिशवी उचलली आणि चालू लागली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या गेल्या. ओटी रिकामी झाली. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या माझ्या बाजूने बोलतील अशी मला वेडी आशा होती. त्या म्हणाल्या, "तिचा बरोबर हाय. घासून देत नाय कोनी." आणि आत गेल्या.

मी चिडले, रडले, मग पुन्हा चिडले. मधला मार्ग म्हणून मी मामांबरोबर निरोप धाडला, की पिशवी मुठीएवढी कमी भरा, मग मूठ टाका, दोन्ही मिळून दोन किलो. मामा पाड्यावरून हसत परत आले. "काकी म्हनते, पोस्टमास्तरीण शिकलेली हाय पन भोळी हाय. आमच्याच पिशवीतली मूठ काडून आमाला दानत शिकवते." साहेबांची तपासणी तोंडावर आली होती आणि थैलीत पुन्हा वारा भरायला लागला होता.

तशात माहेरी भावाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून मी निघाले. मुरबाडहून पुढे कल्याणच्या वाटेवर माझं माहेर. मुरबाडच्या नाक्यावर जीपमध्ये बसले तर जीप हलेचना. सीटा भरल्या होत्या, पण एक माणूस जास्तीचा आला होता आणि त्याला सोडून जायला ड्रायव्हर तयार नव्हता. त्याने मागची दुसरी जीप लावली, त्या माणसाला तिच्यात बसवलं, आणि मग त्या जीपचा ड्रायव्हर ओरडायला लागला, "कल्यान, कल्यान, चला बसा!" एका माणसासाठी जीप काढलीच आहे तर ती रिकामी कशाला न्यायची? बघता बघता भाजीवाली चढली, कॉलेजची पोरं चढली, एक बोकडही चढला. मी आमच्या जीपमधून मान वळवून ते बघतच राहिले. आणि मग मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

वरच्या मुठीसाठी पुढची पायरी लागते ना? लागू दे. भरू ती पायरी. पण अर्ध्या किलोचं भाडं भरून नुसती मूठ कशाला न्यायची? ती जागा भरायची! कुळीथ भरायचे, तीळ भरायचे, नाचणीचे पापड, उन्हात वाळवलेली कैरीची आंबोशी. घेणारीला चार जिनसा एका भाड्यात मिळतील, पाड्यावरच्या बायकांचा जास्त माल जाईल, माझी तिकिटं जास्त लागतील. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली की नाही हे मला त्या दिवशी धड कळलंही नाही. परतीच्या पहिल्या जीपने मी निघाले.

थेट वरच्या पाड्यावर गेले. काकी अंगणात झोडपणी करत होती. मी म्हटलं, "काकी, मूठ टाका. तोलून झाल्यावर टाका, पदरातली टाका. पन वेगळ्या पुरचुंडीत बांधा, म्हंजे घेनारीला दिसेल. आन पिशवीत अजून काय काय घालता ते सांगा."

काकीने हात थांबवले. मी तिला जीपची गोष्ट सांगितली, बोकडासकट. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "आता कसा! एवडा साधा होता तं भांडलीस कशाला?" भांडली कोण हे मी तिला विचारलं नाही. तिने घरातून आंबोशीची टोपली आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

त्या पुरचुंडीने कमाल केली. मी कार्डात एवढंच लिहायचे, 'पुरचुंडीतली मूठ वरची आहे. ती विकत नाही.' त्यावर जी उत्तरं आली ती मी अजून विसरलेले नाही. एका बाईंनी लिहिलं की आमच्या लहानपणी वाणी असं टाकायचा, हे पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. एकीने आमच्या पिशव्या धुऊन, इस्त्री करून परत पाठवल्या, पार्सलाने, आणि रिकामी पिशवी कशी पाठवायची म्हणून आत साखर घातलेली. काकीने ती साखर जिभेवर ठेवली आणि जाहीर केलं, "बाय आपल्यातली हाय."

साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांना छत्री ठेवायलाही जागा मिळाली नाही. ओटीभर बायका, दाभणं, पिशव्या, मध्ये आंबोशीचा वास. त्यांनी एक शिवलेलं पार्सल स्वतः उचलून काट्यावर ठेवलं. बरोबर भरलं. दुसरं ठेवलं, तेही बरोबर. माझी छाती फुगली. पण साहेब ते साहेबच. म्हणाले, "हंगामी दिसतंय. एक वर्ष चाललं म्हणजे चाललं असं नाही. ऑफिस निरीक्षणाखालीच राहील." एवढं करून निरीक्षणाखाली! त्या दिवशी त्यांना बशीभर चहा मी जरा आदळूनच दिला.

पण आता मला भीती उरली नव्हती. वाल संपले की पापड, पावसाळ्यात गेल्या सालचे कुळीथ, दिवाळीला हातसडीचे पोहे. व्हीपीच्या मनीऑर्डरी बायकांच्या नावावर यायला लागल्या, तेव्हा काकीने एक दिवस मला विचारलं, "हे पैसं तुज्या पेटीत ठेवता येतील का गो? घरात ठेवलं का न्हवरा हुंगत येतो." ज्या खात्यांसाठी मी दारोदार फिरले होते ती खाती अशी आपल्या पायांनी चालत आली. काकीने अंगठा उठवला आणि तिच्यामागे अख्ख्या पाड्याने उठवला. पुढे रोजगार हमीची मजुरीही पोस्टाच्या खात्यात यायला लागली तेव्हा आजूबाजूची गावं गोंधळली. आमच्या पाड्यावरच्या बायका मात्र पासबुक घेऊन आधीच रांगेत उभ्या होत्या.

दोन हजार साल उलटलं आणि खिशाखिशात मोबाइल आले. स्टँडवरचं पिवळं खोकं ओस पडलं. एका दुपारी ते चालवणारा गृहस्थ माझ्या खिडकीशी आला. चेहरा उतरलेला, हातात एक पिशवी. त्याच्या बायकोने तळून खायची मिरगुंडं केली होती, ती पाठवता येतील का विचारत होता. एवढी वर्षं ज्याच्याकडे पाठ करून उभी राहिले तो माणूस समोर होता. मी मनात म्हटलं होतं की असा दिवस आला तर मी त्याला चांगलं ऐकवीन. प्रत्यक्षात मी त्याला आत बोलावून बसवलं आणि चहा टाकला. हरलेल्या माणसाला ऐकवण्यात काही मजा नसते, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय त्याची मिरगुंडं चांगली होती.

त्यानंतर काही दिवसांनी साहेब पुन्हा आले. निवृत्तीच्या आधीची त्यांची शेवटची फेरी. केस पांढरे झाले होते, छत्री तीच. त्यांनी सगळी तपासणी केली आणि दप्तर मिटून ठेवलं. मी टेबलाशी उभी होते. एवढ्या वर्षांत दर तपासणीला ते 'निरीक्षणाखाली' लिहून जायचे आणि मी दर वेळी दात ओठ खायचे. नवीन येणारा साहेब कसा असेल कोणास ठाऊक. जुन्या साहेबांनीच आज काय ते लिहावं असं मला फार वाटत होतं, पण तोंडाने मागायची लाज वाटत होती.

साहेब म्हणाले, "घरी सगळे मागे लागलेत, जाताना वाल घेऊन या म्हणून. पण हातात ओझं नको. पार्सलच करा."

काकी ओटीवर होतीच, आता बरीच वाकलेली. तिने पिशवी भरली. साहेबांच्या देखत मी ती तोलली. दोन किलो, काटा अगदी मध्यावर. तिकिटं मोजली आणि शिवायला दाभण उचललं. साहेब खात्याचा माणूस, त्यांच्यासमोर पायरी ओलांडायला नको म्हणून काकीही पदराशी हात नेऊन थांबली होती.

साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग काकीकडे पाहिलं. "आणि वरची कुठाय?"

काकी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, पुढची पायरी लागेल."

"लागू दे," ते म्हणाले आणि खिशात हात घातला. "घासून नेऊ का मी? मला परत यायचंय इथे."

काकीने पदराची गाठ सोडली. मूठ नव्हे, ओंजळ टाकली. मी जास्तीची तिकिटं लावली. साहेब छत्री घेऊन पायऱ्या उतरले, अंगणात थांबले, वळून खिडकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, ती पाटी गंजलीय. नवीन पाटीचा अर्ज पाठवून द्या. बंद करायच्या ऑफिसला नवीन पाटी देत नाहीत, तेव्हा मी तसं लिहूनच जातोय."

मी त्या पार्सलावर शिक्का असा हाणला की टेबलावरचं शाईचं पॅड उडालं. आतून सासूबाई ओरडल्या, "काय झाला गो? कोन हाय?"

काकीनेच माझ्या वतीने उत्तर दिलं, पार डोंगरापलीकडे जाईल अशा आवाजात. "पोस्टमास्तरीण हाय! बसलीय!"